परदेशी बसचं मागचं दार

धनंजय : तेच तर म्हणून राह्यलो मॅडम! गाडी सात समुद्र ओलांडून आली. तिथल्या सायबांनी पास केली, बंदरावरच्या सायबांनी पास केली. अन् वर्ध्यात येऊन ती नापास व्हावी, हे काही माह्या डोक्यात घुसून नाई राह्यलं.

पौर्णिमा : नापास कोण म्हणालं? मी अजून आत पायसुद्धा ठेवलेला नाही.

धनंजय : तुमचा चेहरा म्हणते.

पौर्णिमा : चेहरा उन्हानं असा झालाय. सकाळपासून मैदानात उभी आहे. दार उघडा.

लीलाबाई : धन्या, आंधी त्याइले पानी दे. आल्या आल्या भांडाले कायले लागतं?

(वर्ध्याबाहेरचं वाहन तपासणीचं मैदान. वैशाखातली दुपार, कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसावा अशी. मधोमध दुधासारखी पांढरी बस उभी. पुढच्या काचेवर लीलाबाईंच्या हळदीच्या हाताचे पंजे, खाली लिंबू-मिरची, कपाळावर सोनेरी अक्षरांत ‘रूपराव ट्रॅव्हल्स’. रूपराव म्हणजे धनंजयचे वडील; ते एसटीत ड्रायव्हर होते आणि आता हयात नाहीत. सिंदी रेल्वे या गावचा हा धनंजय एरवी बोलण्यात कुणाला हार जाणारा नाही, पण आज त्याच्या जिवाला घोर आहे. उद्या सकाळी या बसची पहिली फेरी, आणि समोर उभी असलेली मोटार वाहन निरीक्षक पौर्णिमा अजून एकदाही हसलेली नाही. आई हट्टानं सोबत आली आहे. मुलाच्या नव्या गाडीत पहिल्यांदा कोण बसणार, हा प्रश्न तिनं परस्परच सोडवून टाकला आहे.)

पौर्णिमा : ब्रेक चांगले आहेत. टायर नवे आहेत. दिवे, वायपर, सगळं ठीक.

धनंजय : मंग? मी का म्हणत होतो? फुल टकाटक गाडी आहे.

पौर्णिमा : पण ही बसायची गाडी म्हणून परदेशातून आली होती. कागदावर नुसत्या खुर्च्या आहेत. आत तर पलंग दिसताहेत, खाली एक, वर एक.

धनंजय : मॅडम, सीधी बात सांगतो. ज्या पार्टीनं ही गाडी मागवली, त्यानं ती खुर्च्यांचीच चालवली. मी त्याच्यापासून घेतली अन् कारखान्यात नेऊन बर्थ बसवले. आपल्याकडे पुण्याले, गयेले कोण बसून जाते? माणसाले आडवं व्हायले लागते.

पौर्णिमा : म्हणजे तिथल्या साहेबांनी पास केलेली गाडी ही नाहीच. ती वेगळी होती.

धनंजय : गाडी तेच आहे, फक्त अंदरून जराशी आपली केली.

लीलाबाई : पोरीले सून म्हनून आनली तरी आपन तिले आपल्या घरचं नेसवतोच ना बाई. तसं हाय ते.

पौर्णिमा : बरोबर आहे मावशी. पण सुनेला घरातून बाहेर पडायचं दार तर ठेवतो ना आपण. हे छतावर चौकोन कसला दिसतो?

धनंजय : ते झडप आहे. म्हणजे होती. गाडी उलटली, काही झालं, तर वर ढकलून बाहेर निंगाचं.

पौर्णिमा : मग ढकला.

धनंजय : ते नाई ढकलल्या जात. वरतं कॅरियर टाकलं ना. लोकं बोचके का डोक्यावर घेऊन बसतीन?

पौर्णिमा : आणि काचा? या तर सरकत नाहीत.

धनंजय : एसी गाडी आहे मॅडम. काचा सरकल्या तर थंडी का उरते? फोडाच्या काचा आहेत त्या. हातोडीनं एक देल्ली का चूर.

पौर्णिमा : हातोड्या दिसत नाहीत. नुसत्या अडकवायच्या जागा आहेत.

धनंजय : हातोड्या एकदम सेफ. पुढच्या डब्यात कुलूप लावून ठेवल्या.

पौर्णिमा : कुलूप?

धनंजय : आपले लोकं तुमाले मालूम नाई का? लाल चकचकीत हातोडी दिसली का गेली झोऱ्यात. मागच्या मालकाच्या अर्ध्या गाडीनं नेल्या. घरी नेऊन सुपाऱ्या फोडतात.

पौर्णिमा : किल्ली कुठे आहे?

धनंजय : हरिदासपाशी. ड्रायव्हरपाशी.

पौर्णिमा : आणि हरिदास?

धनंजय : च्या प्याले गेला.

लीलाबाई : फाटकापाशीच गेला, येईन आता. त्याले ऊन सहन होत नाई.

पौर्णिमा : हं.

धनंजय : हे ‘हं’ काही बरं नाई वाटलं मॅडम. पाहा, मी आतापर्यंत बोललो नाई, पण आता बोलतो. उद्याची ट्रिप कोणाची आहे, मालूम आहे का तुमाले? इथल्या सिंदी मेघेच्या बुद्धविहारातल्या बायांची. बोधगया. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सकाळी तिथं पोचवून देतो म्हणून शब्द देल्ला मी.

पौर्णिमा : माहीत आहे.

धनंजय : सगळ्यात आधी नाव कोणी लिहून देल्लं? आनंदाबाईनं.

पौर्णिमा : माझी आईच आहे ती. काल रात्रीच पिशवी भरून दाराशी ठेवलीय तिनं. पांढरं लुगडं इस्त्री करून घेतलं.

धनंजय : मंग? आता मी का बोलू?

पौर्णिमा : काही नका बोलू. मावशी, तुमचे गुडघे कसे आहेत?

लीलाबाई : गुडघे? डावा तर माहा हाय, उजवा कोनाचा हाय देव जाने. काऊन वं?

पौर्णिमा : आत येता? सगळ्यात मागच्या बर्थवर बसायचं. उद्या तुमच्याच वयाच्या बायका बसणार आहेत तिथे.

लीलाबाई : येतो ना! मले त बसूनच पाहाचं व्हतं. हा मले खालूनच दाखवते.

धनंजय : आईले कायले चढवता? काय पाहाचं ते मले विचारा.

पौर्णिमा : तुम्हीही चला. चपला राहू द्या पायात.

लीलाबाई : अगं बाई, गादी कशी मऊ हाय! अन् हे टीव्ही हाय का वरतं? धन्या, तुह्या बापानं पाह्यलं असतं त म्हनला असता, गाडी हाय का लगनाचा हॉल.

पौर्णिमा : बसलात नीट? आता पडदे ओढा. एसी बंद करा, दिवेही. पुढचं दार मी लावून घेते. धनंजयराव, तुम्ही आईजवळ थांबा. मी इथे पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला उभी आहे. मी म्हणजे आग. माझ्याकडे यायचं नाही. आईला बाहेर काढा.

धनंजय : हे का खेळ आहे मॅडम?

पौर्णिमा : हो, खेळच. काढा.

धनंजय : काढतो ना, त्यात का मोठी गोष्ट आहे. आई, ऊठ. मागचं दार आहे, तिकडून जाऊ.

लीलाबाई : थांब रे, ओढू नोको. पदर अडकला. हे शिडीचं आकडं का हाय इथं?

धनंजय : वरच्या बर्थवर चढाले आहे ते. सोड, मी काढतो. इकडून ये. आडवी होऊन ये, मंधात जागा कमी आहे.

लीलाबाई : माणसाची जागा हाय का मांजराची? धर मले.

धनंजय : धरलं. हे आलं मागचं दार. आता कडी खेचली का... अरे.

पौर्णिमा : काय झालं?

धनंजय : काही नाई. पडद्यामागं बाबाचा फोटो आहे.

पौर्णिमा : मग?

धनंजय : फोटोच्या खाली कडी आहे.

पौर्णिमा : फोटो बाजूला करा.

धनंजय : खिळ्यावर नाई टांगला ना मॅडम. गाडी धक्के खाते म्हणून पेच मारले चारी बाजूनं. पक्का बसवला.

पौर्णिमा : पेचकस?

धनंजय : हरिदासपाशी.

लीलाबाई : धन्या, वारा नाई रे.

धनंजय : येते आई, येते वारा. काच फोडतो. हे... हातोडी... च्यामायले.

पौर्णिमा : कोपरानं मारू नका, हात जाईल.

धनंजय : मंग कायनं मारू? चपलेनं? चपलेनं काही होऊन नाई राह्यलं! आई, खाली बस. नाई, बसू नोको, उभी राह्य.

लीलाबाई : एक का सांगतं ते सांग ना बाप्पा. बसू का उभी राहू? भट्टी झाली हे त. मले अंधारी येते.

धनंजय : मॅडम, दार उघडा.

पौर्णिमा : तुम्ही आगीकडे येताय.

धनंजय : मॅडम, आईले घाम फुटला! खेळ संपला! दार उघडा, मी हात जोडतो, पहिले दार उघडा!

पौर्णिमा : उघडलं. सावकाश. मावशी, माझा हात धरा. पायरी उंच आहे. हां. इथे कडुलिंबाखाली बसा. पाणी घ्या, लहान लहान घोट घ्या.

लीलाबाई : हा. आता बरं हाय. वारा कसा गोड लागते.

धनंजय : आई, डोकं दुखते का? डॉक्टरकडे जाऊ?

लीलाबाई : नाई रे. तूच पांढरा पडला. तू पी पानी.

पौर्णिमा : मला असं करायला नको होतं, मावशी. माफ करा. पण सांगून कुणाला पटत नाही.

लीलाबाई : माफी नोको मागू. अंदर मले एकच दिसत व्हतं का हा पोरगा इकडून तिकडे, तिकडून इकडे धावून राह्यला अन् याच्या हाती काईच लागून नाई राह्यलं. याची सोताची गाडी. याले सारं मालूम. तरी याले मले काढता नाई आलं.

धनंजय : आई, बस ना आता.

पौर्णिमा : फोटो तिथे कोणी लावायला सांगितला?

धनंजय : आता ते जाऊ द्या.

लीलाबाई : मी सांगतलं. पुढं देवाचे फोटो हायेत, त्याइच्या रांगेत माणसाले कसं बसवाचं? म्हटलं, तुह्या बापाले मागं बसव. मागून साऱ्या गाडीवर नजर राहीन. हा म्हने, मागं दार हाय. मी म्हटलं, राहू दे, त्या दारातून कोन जाते? बरोबर मधोमध जागा व्हती, हार घालाले सोपी. पेचही मीच माराले लावले. खाली पडला असता त अपशकुन.

पौर्णिमा : बाबा तुमच्या घरच्यांबद्दल सांगायचे, मावशी.

लीलाबाई : कोनाचे बाबा?

पौर्णिमा : माझे. नागसेन कंडक्टर. रूपरावजींच्या गाडीवर होते. वर्धा-गिरड.

लीलाबाई : अगं बाई! तू नागसेनभाऊची पोरगी? मंग आतापर्यंत साहेबासारखी काऊन बोलून राह्यली?

धनंजय : म्हणूनच तर आनंदाबाईनं ट्रिप आपल्याले देल्ली, आई. जुनी ओळख. मी तेच मॅडमले सांगणार होतो, पण म्हटलं, वशिला वाटीन.

पौर्णिमा : वाटलाच असता.

लीलाबाई : का सांगे तुहा बाप?

पौर्णिमा : गिरडच्या यात्रेची गोष्ट. गाडी खच्चून भरलेली, लोक टपावर, शिडीवर. कुणी तरी नारळाचं पोतं संकटकाळच्या दाराला टेकवून ठेवलं. रूपरावजींनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून झाडाखाली जाऊन बसले. म्हणाले, पोतं निघेल तेव्हा गाडी निघेल. लोकांनी शिव्या दिल्या, बाबांनी हात जोडले, तरी उठले नाहीत.

लीलाबाई : पोतंवाला त गावातला मोठा माणूस व्हता. त्यानं तक्रार केली व्हती. मी म्हटलं याइले, एका पोत्यानं का गाडी जळते? कायले वैर घेता? त म्हने, ते दार रोज कामात येत नाई, म्हनूनच मोकळं ठेवाचं. रोजच्या दाराची काळजी लोकं सोताच घेते. घरीही तसंच. मागच्या दारापाशी मी कधी घमेलं ठेवलं का याइचं डोकं गरम.

धनंजय : मी लहान असताना डेपोत नेत मले. गाडी काढाच्या आधी मागं जाऊन ते दार उघडून, धाडकन लावून पाहे. रोज. मले वाटे, बाबाले आवाज आवडते.

लीलाबाई : अन् आपन त्याइलेच तिथं ठोकून ठेवलं.

धनंजय : मॅडम, ऐका. मी फोटो आता काढतो. हातोड्या लावतो. जागच्या जागी. मंग तर झालं? बाकी मी गयेहून आल्यावर करून देतो. लिहून देतो.

पौर्णिमा : फोटो निघाला तरी दाराला बर्थ आडवी येते, ती तुम्ही अंधारात पाहिली नाही. दार अर्धंच उघडेल. आणि वरची झडप?

धनंजय : वेल्डिंग आहे ना ते. कारखान्यात न्या लागते. आठ दिवस तरी जातीन.

पौर्णिमा : मग आठ दिवसांनी आणा.

धनंजय : अन् पौर्णिमा? पौर्णिमा का आठ दिवस थांबते?

पौर्णिमा : नाही थांबत. दुसऱ्या कुणाची गाडी लावून द्या.

धनंजय : लगनसराई आहे मॅडम, खटारासुद्धा रिकामा नाई. माही जुनी गाडी होती, ते देऊनच ही घेतली. रेल्वेत तर उभं राहाले जागा नाई. पहिलीच फेरी. सिंदीत लोकं म्हणतीन, रूपरावच्या पोरानं शब्द देल्ला अन् मोडला. बाबाच्या नावानं गाडी काढली मी.

पौर्णिमा : म्हणतील.

धनंजय : तुमाले काहीच वाटत नाई?

पौर्णिमा : वाटतं ना. आईनं बाबा होते तेव्हापासून ठरवलं होतं, एकदा तरी बुद्धपौर्णिमेला बोधिवृक्षाखाली जाऊन बसायचं. दरवर्षी काही तरी निघायचं. कधी माझी परीक्षा, कधी बाबांचं दुखणं. यंदा काहीच नव्हतं. आता अडचण म्हणून मीच निघाले.

धनंजय : मंग एक सही कराले...

पौर्णिमा : आज संध्याकाळी मी घरी जाईन. ती पिशवीकडे पाहील, मग माझ्याकडे पाहील. चार दिवस बोलणार नाही. भांडी आपटेल. आपटू दे. ते आवाज मला चालतात.

लीलाबाई : खरं हाय.

पौर्णिमा : गाडी नापास, धनंजयराव. कारणं लिहिते सगळी. दुरुस्त करून आणा, मी स्वतः तपासीन. आणि बायकांना तुम्ही फोन करू नका. विहारात मी जाऊन सांगते.

धनंजय : तुम्ही सांगणार? बाया तुमाले खाऊन टाकतीन.

पौर्णिमा : विहाराचं तरी मागचं दार उघडं आहे.

धनंजय : आता हसल्या तुम्ही. नापास करून हसल्या. आई, हे पाहा. सकाळपासून पहिल्यांदा.

लीलाबाई : तू चूप राह्य. पोरी, तुह्या मायले माहा निरोप सांगजो. म्हना, लीलाबाई म्हनत व्हती, पुढच्या पौर्णिमेले याच गाडीत मी तुह्याजवळ बसून येतो. दार उघडून पाहीन अन् मंगच बसीन.

पौर्णिमा : पुढच्या पौर्णिमेला ती जायची नाही, मावशी. तिला हीच हवी होती. पण सांगते.

धनंजय : तो पाहा हरिदास आला. आता आला! ए बाप्पा, किल्ली दे इकडे, अन् पेचकस कुठं आहे? दे.

लीलाबाई : पेचकस माह्याजवळ दे.

धनंजय : आई, आता कायले? गाडी कारखान्यात जातेच आहे, तिथले पोरं काढतीन फोटो. तू पुन्हा त्या भट्टीत नोको जाऊ.

लीलाबाई : कारखान्यातल्या पोराइचा हात नोको लागाले. मीच ठोकले, मीच काढतो. तू फक्त पेच ढिले करून दे अन् पुढचं दार उघडं ठेव.

धनंजय : ठेवलं. सावकाश चढ. पदर खोच. हा एक निघाला. हा दुसरा. खालचे घट्ट आहेत. थांब. निघाले. धर, जड आहे.

लीलाबाई : धरला. हार राहू दे तसाच. तू सरक जरासा.

धनंजय : कोणाशी बोलून राह्यली?

लीलाबाई : तुह्या बापाशी. चला जी, उठा. दारापाशी बसू नोका.